उद्यापासून सायकलने

९ सप्टेंबर
गणपती गेले आणि मंडळाला समाजकार्य सुचलं. सोसायटीच्या हॉलमध्ये आरोग्य शिबिर, रक्ततपासणी फुकट. फुकट म्हटलं की लालबागमध्ये रांग लागते, मग प्रसाद घ्यायचा असो की रक्त द्यायचं. मेघना म्हणाली, आपणही जाऊया. गेलो. सुई टोचताना मला चक्कर आली असं ती घरी येऊन आईला सांगत होती. चक्कर नाही. खुर्ची डुगडुगत होती.

११ सप्टेंबर
रिपोर्ट आले. मला शुगर. मेघनालाही, पण माझी जास्त. नवरा म्हणून ते योग्यच.
डॉ. संघमित्रा तरुण आहेत, त्यामुळे स्पष्ट बोलतात. मी म्हटलं, दहा दिवस मोदक खाल्ल्यावर लगेच रक्त काढणं म्हणजे लग्नाच्या पंगतीतून उठवून वजन करण्यासारखं आहे. त्या म्हणाल्या, हा आकडा तीन महिन्यांच्या सरासरीचा आहे, मोदकांवर ढकलू नका. दोघांनी गोळ्या घ्या, रोज व्यायाम करा, डिसेंबरमध्ये पुन्हा या. मिसेसचं गोळ्यांवर भागेल. तुमचा आकडा उतरला नाही तर मात्र मिस्टर धुरी, इन्शुलिन. रोज इंजेक्शन.
मी इंजेक्शनला घाबरत नाही. मला ते पटत नाही, एवढंच.
उद्यापासून व्यायाम.

१२ सप्टेंबर
व्यायाम म्हणजे काय, यावर सकाळी चहा घेताना विचार केला. चालणं? या रस्त्यांवर माणूस चालत नाही, चुकवतो. जिम? आमच्या टॉवरच्या जिममध्ये पोरं आरशासमोर उभी राहून स्वतःवर प्रेम करतात. योगा? मेघनाने विचारलं, सकाळी माझ्याबरोबर गच्चीवर येता का? म्हटलं, तू जा.
ऑफिसमध्ये उत्तर सापडलं. गिरगावच्या आमच्या पतपेढीत मयूर म्हणून लोन सेक्शनचा मुलगा आहे. अँटॉप हिलवरून रोज सायकलने येतो. शुगर नाही, बीपी नाही, पोटही नाही. एरवी मला तो आवडत नाही. पण त्याला जे जमतं ते मला न जमण्याचं कारण काय?
निर्णय झाला. ऑफिसला सायकलने जायचं. व्यायामही, प्रवासही. एका दगडात दोन पक्षी.

१५ सप्टेंबर
लोक ऑफिसला सायकलने का जातात, हे आधी समजून घेतलं पाहिजे. आंधळेपणाने काही करणं माझ्या स्वभावात नाही.
निरीक्षण: पाववाला सायकलने जातो. इस्त्रीवाला जातो. त्यांना कुणी सायक्लिस्ट म्हणत नाही, पाववाला आणि इस्त्रीवालाच म्हणतात. सायक्लिस्ट व्हायला घरी गाडी असून ती न चालवणं आवश्यक आहे. शिवाय तंग चड्डी. मयूरच्या चड्डीला बुडाखाली स्पंज आहे. आल्या आल्या तो ओला टी-शर्ट झेरॉक्स मशीनवर वाळत घालतो. परवा एका ठेवीदाराच्या पासबुकाची झेरॉक्स दमट आली. घामाला तो एन्डॉर्फिन म्हणतो. माझे बाबा उभं आयुष्य मिलमध्ये घाम गाळत होते, आमच्या घरी त्याला घामच म्हणायचे.
मयूरला सरळ विचारलं, तू हे का करतोस? म्हणाला, धुरीसाहेब, फ्रीडम. अँटॉप हिल ते गिरगाव मधे चौदा-पंधरा सिग्नल लागतात. कसली फ्रीडम?
निष्कर्ष: लोक सायकल चालवतात ती सांगण्यासाठी. मी मात्र प्रकृतीसाठी चालवणार. हा मूलभूत फरक आहे.

१९ सप्टेंबर
पितृपक्ष. नवीन काही घेत नाहीत. माझा विश्वास नाही, पण आईचा आहे. मोठ्यांचं मन मोडू नये. सायकल पुढे ढकलली.
आज आजोबांचं श्राद्ध. खीर दोन वाट्या. ती पितरांसाठी असते.

२८ सप्टेंबर
सायकल आली. गिअरवाली, काळी, अत्यंत भारदस्त. आईने प्रदक्षिणा घालावी तशी सगळ्या बाजूंनी पाहिली आणि म्हणाली, रे झिला, तुका चलवूक येता काय? तू भाड्याची सायकल गटारात घातलंस, ता माज्या ध्यानात आसा. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. मालवणी बाई काही विसरत नाही.
मेघनाने एक फेरी मारून बघू का विचारलं. म्हटलं, पूजेआधी नाही. तशीही सीट तिला उंच पडते.
दसऱ्याला पूजा, मग दुसऱ्या दिवसापासून ऑफिस. आज श्रीखंड आणून ठेवलं, ऐनवेळी दुकानात मिळत नाही. थोडं चाखून पाहिलं.

२ ऑक्टोबर, दसरा
डाव्या हाताने लिहितो आहे.
सकाळी खाली पार्किंगमध्ये पूजा. झेंडूचा हार, हळद-कुंकू, नारळ. आईने गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, माज्या झिलान नवी गाडी घेतल्यान हा, तेच्या वाटेत काय आडवा-तिडवा येत आसात तर ता दूर कर रे म्हाराजा. जमलेले सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. वॉचमन शिवा उस्मानाबादकडचा, पण तोही जोरात व्हय म्हाराजा म्हणाला.
मग लिंबू. शिवाने पुढच्या चाकाखाली एक आणि मागच्या चाकाखाली एक ठेवलं. मेघना म्हणाली, अहो, सायकलला लिंबू नको, बाजूने घ्या. मी म्हटलं, गाडी ती गाडी. शेजारच्या तावडेंच्या एसयूव्हीने काल लिंबू चिरडलं ते चालतं, आणि माझ्या सायकलने नाही?
पॅडल मारलं. एसयूव्हीखाली लिंबू फुटतं. सायकलखाली लिंबू पळतं. चाक एका दिशेला, लिंबू दुसऱ्या, मी तिसऱ्या. उजव्या मनगटाला बारीक फ्रॅक्चर, प्लास्टर. लिंबाला ओरखडाही नाही.
आई म्हणते, दिष्ट लागली तुका मेल्या. माझं मत: हल्ली लिंबं फार कडक येतात.
श्रीखंड डाव्या हाताने खाल्लं. जखम भरायला ताकद लागते.

६ ऑक्टोबर
रजा. मेघना ऑफिसहून उशिरा आली, चेहरा लाल. ती भायखळ्याच्या एका शाळेत ऑफिसात आहे. म्हणाली, अहो, बस अर्धा तास येत नाही, आली तर थांबत नाही, मी म्हणत होते सायकल तशी उभीच आहे तर... तिला तिथेच थांबवलं. हात प्लास्टरमध्ये असलेल्या माणसासमोर सायकलचा विषय काढू नये, एवढी समज हवी. म्हटलं, सायकलबद्दल काय करायचं ते कर, पण मला सांगू नकोस. ती बरं म्हणाली. समजूतदार आहे.

१४ ऑक्टोबर
ऑफिसला जॉइन झालो. मयूरने विचारलं, सायकलवरून पडलात म्हणे? म्हटलं, सायकलिंग इंज्युरी. सगळ्यांनी मान हलवली. वजन आहे या शब्दाला. लिंबाचं सांगितलं नाही. तपशिलात शिरलं की मुद्दा हरवतो.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
चकली, करंजी, अनारसे. अनारशाला गूळ असतो, साखर नाही. गूळ नैसर्गिक आहे.
हे सगळं प्लास्टर निघालं की जळणारच आहे. शरीरात इंधन नसेल तर सायकल कशावर चालवू?
मेघनाने एक करंजी खाल्ली आणि हात धुतला. इच्छाशक्ती म्हणावी तर तसंही नाही, तिला हल्ली रात्री साडेनऊलाच झोप येते. व्यायामाची वृत्तीच नाही. मी तिला सायकलिंगचे फायदे सांगत होतो, तर ऐकता ऐकता घोरायला लागली.

२८ ऑक्टोबर
प्लास्टर निघालं! लगेच सायकल बघायला खाली गेलो. धक्का बसला. सीट खचली आहे. चांगली वीतभर खाली. न वापरता! महिनाभर नुसती उभी असलेली वस्तू खचते, याला क्वालिटी म्हणायची? शिवाय टायरला चिखल, चेनला काळं तेल. उभ्या सायकलवर एवढी घाण बसते तर आपल्या फुप्फुसांत काय बसत असेल? मुंबईची हवा!
सीट वर केली. कंपनीला खरमरीत मेल टाकला.
उद्यापासून सायकलने.

२९ ऑक्टोबर
मनगट आखडलंय. सोमवारपासून.

३ नोव्हेंबर
सोमवार. पतपेढीत महिन्याच्या सुरुवातीची गर्दी असते, दमून चालत नाही. पण बघायला म्हणून खाली गेलो. सीट पुन्हा खाली. पुन्हा वर केली. कंपनीचं उत्तर आलंय, सर, सीट आपोआप खाली जात नाही. म्हणजे मी खोटं बोलतो? दुसरा मेल, भाषा अधिक कडक.
आनंदाची गोष्ट: हँडलला पुढे एक छान बास्केट लावलेली दिसली. वर मेघनाला विचारलं, बास्केट तू लावलीस? म्हणाली, हो, डबा ठेवायला. मला भरून आलं. बोलत नाही, पण माझ्या निश्चयात हळूहळू सामील होते आहे.

९ नोव्हेंबर
रविवार. मासे आणायला गेलो. आमची नेहमीची गुणवंती कोळीण पापलेट उचलून दाखवत म्हणाली, शेट, वैनी हल्ली निसती वाऱ्यासारखी जाते रे, हात पण करत नाय. म्हटलं, तिला घाई असते. कोळणींना प्रत्येक गोष्ट फुगवून सांगायची सवय. वाऱ्यासारखी! मेघना कॉलेजच्या जिन्यावरसुद्धा मैत्रिणींच्या मागे असायची, तिनेच सांगितलंय.
मेघना बारीक झाल्यासारखी वाटते. माझ्या शुगरची काळजी करत असणार. बायकांचं असंच असतं, आजार आपला, सुकतात त्या. तिला धीर दिला, म्हटलं, घाबरू नकोस, डिसेंबरपर्यंत मी आकडा खाली आणतो. ती म्हणाली, मग आणा ना. हा सूर मला आवडला नाही.

१८ नोव्हेंबर
ऐतिहासिक दिवस. ऑफिसला सायकलने गेलो.
सगळे झोपलेले असताना निघालो. सीट पुन्हा खाली होती आणि पाना वर राहिलेला. तसाच बसलो. गुडघे दर पॅडलला छातीवर आपटत होते. चिवडा गल्लीपाशी श्वास घ्यायला थांबलो. दुकान नुकतंच उघडत होतं. गरम चिवडा, पावशेरच.
भायखळ्यापर्यंत अस्सल सायकलिंग केलं. पूर्ण रस्ता माझ्यावर हॉर्न वाजवत होता. बसवाला, टॅक्सीवाला, एक शाळेची व्हॅन, तिच्यातली पोरंसुद्धा. या शहराला संस्कृतीच नाही. भायखळ्याला चहा आणि मस्का-पाव घेतला. मग शास्त्रशुद्ध विचार केला. पहिल्याच दिवशी शरीरावर पूर्ण भार टाकणं चूक. एका जुन्या टॅक्सीला वर कॅरियर होतं. ड्रायव्हर म्हणाला, पंक्चर है क्या साब? म्हटलं, हां, थोडा.
गिरगावात ऑफिसच्या आधीच्या गल्लीत उतरलो. मंदिरापाशी नळ आहे, तिथे शर्टाची पाठ भिजवली. घाम आलाच होता, फक्त वाळला होता.
ऑफिसात टाळ्या! मयूरने मिठी मारली, सेल्फी काढली, म्हणाला, वेलकम टू द ट्राइब. साहेबांनी पेढे मागवले. चार खाल्ले. सायकल चालवून आलेल्या माणसाला चालतात.
येतानाही टॅक्सी. घरी आलो तर मेघना भडकलेली. सायकल न सांगता का नेलीत? मला किती उशीर झाला माहीत आहे? माझी सायकल, माझा निश्चय, आणि उशीर हिला कसा? लक्षात आलं, माझ्या काळजीने तिचा पाय घरातून निघाला नसणार. म्हटलं, इतकं प्रेम बरं नव्हे. तिने ताट जरा जोरात ठेवलं.

१९ नोव्हेंबर
मांड्या. जिना उतरता येत नाही. लिफ्ट आहे ते बरं.

२४ नोव्हेंबर
ऑफिसमध्ये मला सायकलचं कुणी ना कुणी विचारतं. मी सविस्तर सांगतो. कॅशियर हितेंद्र सायकल घ्यायच्या विचारात आहे, त्याला गिअर समजावले. मयूरचं तंत्र कसं चुकतं तेही सांगितलं. रोज सायकलने येता का, असं त्याने विचारलं. म्हटलं, रोज असं मोजत बसू नये, सायकलिंग ही वृत्ती आहे. आता मी बसने एक स्टॉप आधी उतरतो आणि हेल्मेट हातात धरून आत येतो. हेल्मेटला वजन असतं. त्याचाही व्यायाम होतोच.

३० नोव्हेंबर
सोसायटीची मीटिंग. विषय: सायकल स्टँड. मी उभा राहिलो आणि बोललो. आजवरचं सर्वोत्कृष्ट भाषण. म्हटलं, लोक सायकलने का जातात? पेट्रोल वाचवायला? नाही. पर्यावरण? ती फॅशन आहे. सायकलने जातो तो माणूस, ज्याचं मन घट्ट आहे! अशी मनं आपल्या इमारतीत आहेत, त्यांना स्टँड द्या!
टाळ्यांचा कडकडाट. गंमत म्हणजे सगळे मेघनाकडे बघून वाजवत होते. तावडेवहिनींनी तर तिच्या पाठीवर थाप मारली. शिवा दारातून ओरडला, बराबर बोललं सायेब, पाऊस असू द्या का काय असू द्या, खाडा नाही! पुरुषाच्या यशामागे कोण असतं हे आपल्या लोकांना बरोबर कळतं. मेघना माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होती. अभिमान असावा.
स्टँड मंजूर. चहाबरोबर बालुशाही होती.

१० डिसेंबर
उद्या रक्त द्यायचं. घशाशी आलंय. भीती नव्हे, ॲसिडिटी.
प्रामाणिक हिशेब मांडला तर तीन महिन्यांत माझ्याकडून बरंच झालंय. निर्णय झाला. सायकल झाली. एकदा चालवून झाली. स्टँड झाला. राहिलं फक्त नियमित चालवणं. हा आकडा काढणाऱ्या मशीनला माणसाची दिशा कळत नाही, हीच आधुनिक वैद्यकाची मर्यादा.
मेघनाला म्हटलं, तुझा आकडा वाढला तर खचू नकोस, माझ्याबरोबर सुरुवात करू.

१३ डिसेंबर
दवाखान्यातून आत्ताच आलो. जे झालं ते लिहून ठेवतो.
डॉ. संघमित्रांनी दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. एक पाहून हसल्या. मी पुढे झुकलो. तो मेघनाचा होता. इतका खाली आलाय की गोळी अर्धी केली. मग माझा पाहिला. हसू गेलं.
वाढलाय. सप्टेंबरपेक्षा वर.
मी म्हटलं, मशीनची चूक असेल, मी सायकलिंग करतो. डॉक्टर मेघनाकडे वळून म्हणाल्या, तुम्ही काय केलंत हो? मेघना म्हणाली, काही नाही, सायकलने ऑफिसला जाते.
मला वाटलं, माझ्याबद्दल बोलते आहे. मग कळलं की नाही.
दसऱ्यानंतर, माझ्या हाताला प्लास्टर होतं तेव्हापासून. रोज, लालबाग ते भायखळा, आणि परत. सीट तीच खाली घेत होती. मधेच ती वर कशी जाते हे तिलाही कोडं होतं म्हणे, तिला वाटायचं शिवा साफ करताना करतो.
म्हटलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगायला आले होते, तुम्ही म्हणालात, मला सांगू नकोस. भाषणात मन घट्ट वगैरे म्हणालात तेव्हा मला वाटलं, कळलंय तुम्हाला, माझंच कौतुक चाललंय. घरी येऊन बोलाल म्हणून वाट पाहिली.
मी माझा रिपोर्ट उलटा करून मागची बाजू पाहिली.
डॉक्टरांना कुतूहल. त्यांनी विचारलं, पण सायकलच का? एवढ्या ट्रॅफिकमध्ये? मी कान टवकारले. तीन महिने मी हाच प्रश्न सोडवत होतो. मेघना म्हणाली, बस येईना. सायकल उभीच होती. ऑफिसला तर जायचंच होतं.
बस्स. एवढंच. हे काय कारण झालं? याच्यावर मीटिंगमध्ये दोन वाक्यंसुद्धा बोलता येणार नाहीत. टॅक्सीत येताना मला तिचा राग आला होता, आणि घराजवळ येईपर्यंत तो कुणाचा राग आहे ते समजेनासं झालं.
इन्शुलिन सोमवारपासून. सकाळी एक, संध्याकाळी एक. टोचायचं कसं ते नर्सने दाखवलं. मेघनाने नीट शिकून घेतलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो.

१५ डिसेंबर, सकाळ
मला इंजेक्शनची भीती वाटते. फार वाटते. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही म्हणून एकदाचं लिहून टाकलं.
मी पलंगावर शर्ट वर करून बसलो. आई दारात उभी राहून बघत होती, म्हणाली, रे झिला, डोळे मीट. मिटले. मेघना ऑफिसचे कपडे करून, ओढणी कमरेला खोचून तयार होती. पोटाला काहीतरी लागल्यासारखं झालं. म्हटलं, टोच ना लवकर. ती म्हणाली, झालं.
तिने औषध फ्रिजमध्ये ठेवलं, हेल्मेट घातलं. माझंच हेल्मेट. तिला ते बरोबर बसतं. दारातून वळून म्हणाली, अहो, दुसरं संध्याकाळी मी आल्यावर. तेवढ्यात कुठे पळून जाऊ नका.
पळणार कशावर? सायकल तीच घेऊन गेली.